गाडीची वॉरंटी : आधी कागद वाचा, मग चावी घ्या

शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि भीमाशंकर यांच्यामुळे जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत पर्यटकांची ये-जा कायम असते. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाड्यांचे, धोरण आणले. अशी गाडी किंवा मिनीबस घेऊन धंदा करू पाहणाऱ्यांनी आणि तिची बॉडी, वायरिंग, गाद्या-पडदे करणाऱ्या कारागिरांनी वॉरंटीचा हिशेब नीट समजून घ्यावा.

पहिली गोष्ट, अशा गाडीला एकच वॉरंटी नसते. इंजिन, गिअरबॉक्स, चासी यांची वॉरंटी गाडीच्या कंपनीची. टायर आणि बॅटरीची बहुधा त्या-त्या कंपनीची. आत बसवलेल्या फ्रीजची फ्रीजवाल्याची आणि बॉडीची बॉडी बांधणाऱ्याची. बिघाड झाला की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून हे सगळे कागद वेगळे मागून घ्यावेत.

दुसरी गोष्ट मुदतीची. 'तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते' असे लिहिलेले असेल, तर रोज फिरणाऱ्या गाडीची वॉरंटी दीड वर्षातही संपू शकते. वर्षे मोजू नका, किलोमीटर मोजा.

तिसरी गोष्ट, काय मिळत नाही. ब्रेक लायनर, क्लच प्लेट, पट्टा, बल्ब असे झिजणारे भाग बहुधा वॉरंटीबाहेर असतात, आणि घाटात चालणाऱ्या गाडीचे हेच भाग लवकर जातात. अपघाताचे नुकसान विम्यात येते, वॉरंटीत नाही. सर्व्हिसिंग चुकवले किंवा जादा दिवे-पंख्यांसाठी मूळ वायर कापली, तर कंपनी दावा नाकारू शकते. बॉडी बांधण्याआधी कंपनीकडून काय चालेल ते लेखी घ्यावे.

बिघाड झाल्यास तोंडी बोलू नये. जॉब कार्डवर तारीख, किलोमीटर आणि तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी व त्याची प्रत ठेवावी. तीच तक्रार परत आली, तर नवे जॉब कार्ड बनवावे. पुढे हाच पुरावा होतो.

दाद मिळाली नाही, तर स्पीड पोस्टाने लेखी नोटीस द्यावी. सरकारी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनी मुंबई-चेन्नईची असली तरी पुण्यात दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे.

'गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही' असे उत्तर मिळण्याचा संभव आहे. यावर सुप्रीम कोर्टाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात खुलासा केला आहे. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच ठरतो. एक-दोन मदतनीस ठेवले म्हणून तो हक्क जात नाही. मात्र गाडी घेऊन ती सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती चालवायला देणारा ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगाराची ही सवलत २०१९ च्या कायद्यातही कायम आहे. म्हणून तीन-चार गाड्या घेऊन ड्रायव्हर ठेवणाऱ्यांनी वकिलाचा सल्ला आधीच घ्यावा.

आता कारागीर बांधवांसाठी दोन शब्द. आपणही वॉरंटी देतोच, फक्त लिहून देत नाही. 'काही झालं तर या, करून देऊ' हे वाक्य गिऱ्हाईक कायमचे लक्षात ठेवते आणि आपण विसरतो. बिलावर लिहा : वेल्डिंग सहा महिने, गळती एक पावसाळा, कापडाचा रंग इतके दिवस, फाटल्यास जबाबदारी नाही. कपड्याच्या धंद्यातही पक्क्या रंगाचा वायदा लिहिलेला असला, की भांडण निम्मे होते.

आपल्या फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' आहे. विकताना लपलेला ऐब नंतर निघाला, तर खरेदीदाराला सौदा फिरवण्याचा हक्क आहे. आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहिणे म्हणजे समोरच्यावर शक घेणे नव्हे. दोघांचीही इमानदारी त्याने शाबूत राहते.