मोत्याच्या खाजेविषयी भाच्यास पत्र

पुणे, श्रावण वद्य तृतीया

चिरंजीव बाळ, मुक्काम बेलापूर, यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र पावले. तुझ्या मोत्या कुत्र्याच्या पोटावर, कोपरांवर आणि कानांच्या कडांवर लाल पुरळ उठून केस झडू लागले आहेत, खाजविण्यापायी त्याला रात्रीची झोप नाही, आणि मळ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी करंजाचे तेल, गंधक व ट्रॅक्टरचे जळके तेल अशा तीन तजविजी सुचविल्या असून त्यांपैकी कोणती अमलात आणावी, असे तू विचारतोस. तूर्त एकही नको, हेच माझे उत्तर. खाज ही केवळ फिर्याद होय. आणि फिर्याद कानी पडताच, जागेचा पंचनामा न करता व साक्षीपुरावा न घेता, समोर दिसेल त्यास जो फौजदार गुन्हेगार ठरवितो, त्याच्या हातून खरा अपराधी निसटतो आणि मार निरपराधास बसतो. येथे तो मोत्याच्या कातडीस बसेल.

पुरळाची कारणे पुष्कळ असली तरी प्रत्येकाची जागा बहुधा ठरलेली असते, म्हणून औषधाआधी जागा पाहावी. कंबरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत केस गेले असतील तर पिसवांचा संशय प्रथम धरावा; त्या दिसल्या नाहीत तरी बारीक दातांच्या फणीने निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावी, आणि तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नसून पिसवांची रक्तमिश्रित विष्ठा आहे असे समजावे. लहान पिल्लाच्या डोळ्यांभोवती किंवा पुढच्या पायांवर फारसे न खाजणारे चट्टे पडले, तर ते केसांच्या मुळाशी राहणाऱ्या डेमोडेक्स नामक किड्याचे काम असू शकते. हा किडा जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडूनच पिल्लाकडे येतो, प्रतिकारशक्ती ढळली तरच उपद्रव करतो, आणि मोजके चट्टे पुष्कळदा आपोआप भरून येतात. पंजे सतत चाटणे आणि कान वारंवार बिघडणे ही अॅलर्जीची चिन्हे. अन्नाचे वावडे असेल तर ते पूर्वी कधी न खाल्लेले एकच अन्न सुमारे आठ आठवडे घातल्यावाचून सिद्ध होत नाही.

तू लिहिलेल्या जागा मात्र लुतीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या खरजेच्या, आहेत. मोत्याच्या कानाची कडा दोन बोटांत धरून चोळ. त्याचा मागला पाय तत्क्षणी खाजविण्याच्या आवेशाने हलू लागला, तर संशय बळावला असे मान. घरात कुणाच्या हातांवर वा पोटावर खाजरे पुरळ आले आहे काय, याचाही तपास कर, कारण लुतीचा किडा माणसाच्या अंगावर कायमचा वस्तीस राहत नसला तरी काही काळ त्यास सतावतो. आणि मुलांच्या अंगावर गोल चट्टे दिसले तर गजकर्णाचाही संशय धरावा. याखेरीज तुझ्या मळ्याच्या बांधावर व कालव्याच्या काठावर माजलेले गाजरगवत विसरू नकोस. 1955-56 च्या सुमारास आमच्या या पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे परदेशी तण आज सर्वत्र पसरले असून माणसांच्या व गुरांच्या त्वचेस ते बाधते. तेव्हा विरळ केसांचे पोट त्यावर घासत हिंडणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीतही त्यास वगळता येत नाही.

परंतु संशय म्हणजे शाबिती नव्हे. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर कातडी खरवडून तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील. खरजेचे मूळ एका सूक्ष्म किड्यात आहे, हे इटलीतील बोनोमोने 1687 मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या आधारेच मांडले होते. मात्र लुतीचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, संख्येने थोडा आणि कातडीत बिळे करून राहणारा. त्यामुळे तो नमुन्यात न सापडला तरी लूत नाही असे ठरत नाही, आणि अशा वेळी डॉक्टर लक्षणांवरून लुतीचाच उपचार सुरू करतात, त्यास तू हरकत घेऊ नकोस.

आता निषिद्ध गोष्टी. जळके तेल मोत्या चाटील आणि ते पोटात जाऊन विषबाधा होईल. खाज तात्काळ थांबविणारे स्टेरॉइडचे मलम वा इंजेक्शन निदानापूर्वी दिले, तर खाज दबते व किडे फोफावतात. गोठ्यात गोचिडांवर फवारायचे औषध आणि गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने देऊ नये. ज्या संशोधनातून हे औषध निघाले, त्यास 2015 चे नोबेल पारितोषिक मिळाले, इतकी त्याची थोरवी. पण कॉली व तत्सम जातींच्या कित्येक कुत्र्यांत जन्मजात दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचून प्राणावर बेतते. म्हणून वजन करून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेतच औषध द्यावे आणि खाज थांबली म्हणून मुदतीआधी बंद करू नये.

उपचार अंगापुरताच केला तर तो अपुरा. पिसवांची अंडी अंथरुणात गळतात, आणि कुत्र्याच्या अंगावरील गोचीड रक्त पिऊन भिंतीच्या भेगांत शिरून हजारो अंडी घालते. म्हणून अंथरूण गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात घालावे, भेगा लिंपाव्यात, आणि लुतीचे निदान झाल्यास मळ्यावरील सर्व कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार करावा. पू, ताप, अन्नत्याग, फिकट हिरड्या किंवा तोंडावर सूज यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

तोवर पुरळ केव्हा उठले, कोठून पसरले, आहारात काय बदल झाला आणि पूर्वी काय लावले, याचा टिपणवजा दाखला तयार ठेव. मुक्या प्राण्यास आपली कैफियत मांडता येत नाही. ती त्याच्या वतीने तू मांडावीस, आणि उद्याच सकाळी मोत्यास दवाखान्यात न्यावेस, एवढेच माझे सांगणे. निदान काय झाले ते उलटटपाली कळव.

कळावे. हे आशीर्वाद.

तुझा मामा