ग्राहकांची नोंद आणि परस्परसंबद्ध कोष्टके

बेंगळुरूच्या चिकपेठ भागात कापडाचा व्यापार फार जुना आहे. शहरातील भावसार व नामदेव शिंपी समाजांच्या अनेक घरांत मराठी बोलली जाते. अशा एखाद्या शिंप्याने ग्राहकांची नोंद संगणकावर ठेवण्याचे योजिले, तर तिची रचना कशी करावी?

प्रथम सुचते ते एकच लांबलचक कोष्टक : नाव, पत्ता, मापे, कपडा, रक्कम. परंतु एका ग्राहकाने दहा वेळा कपडे शिवून घेतले, तर त्याचा पत्ता दहा ओळींत लिहावा लागेल. त्याने घर बदलले आणि नऊच ओळी दुरुस्त झाल्या, तर दहावी ओळ खोटे सांगेल, आणि सणाच्या आदल्या दिवशी तयार पोशाख भलत्याच दारी पोहोचेल.

यावरील उपाय असा की, प्रत्येक गोष्ट एकदाच व तिच्या योग्य जागी नोंदावी. पहिल्या कोष्टकात ग्राहकाचा क्रमांक, नाव व पत्ता असावा. दुसऱ्यात ग्राहकक्रमांक, तारीख व मापे असावीत. मापे काळानुसार बदलतात, म्हणून तारीख आवश्यक होय. तिसऱ्यात मागणीचा क्रमांक, ग्राहकक्रमांक व तारीख असावी. एका मागणीत सदरा, विजार असे अनेक कपडे असू शकतात. त्यांचे चौथे कोष्टक करून प्रत्येक ओळीत मागणीक्रमांक, कपडा व शिलाई लिहावी. क्रमांक हाच या कोष्टकांना जोडणारा दुवा होय. ज्या क्रमांकाचा ग्राहक पहिल्या कोष्टकात नाही, त्याची मागणी संगणकाने स्वीकारू नये, असा नियमही घालता येतो.

दुव्यासाठी नाव का वापरू नये? एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असतात. दूरध्वनी तर बदलतोही. म्हणून क्रमांक अर्थरहित असावा. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे ‘आधार’चे पहिले क्रमांक देण्यात आले. त्या १२ अंकांतून जात, वय वा गाव यांचा बोध होत नाही. म्हणूनच मनुष्याने गाव बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही.

परस्परसंबद्ध कोष्टकांचा हा सिद्धांत एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडला.

वाचकांनी आता आपल्या ग्रंथालयाचा विचार करावा. एका ग्रंथाच्या अनेक प्रती असतात व एक प्रत कालांतराने अनेक सभासदांकडे जाते. येथे किती कोष्टके लागतील, आणि त्यांना जोडणारे क्रमांक कोणते?