पातूरची पाटी आणि कचेरीचे उत्तरदायित्व



कायदा म्हटला की आपल्या सामान्य माणसापुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक कोर्टाच्या पेशीचे आणि दुसरे पोलीस ठाण्याचे. वास्तविक जन्माच्या दाखल्यापासून घरपट्टीच्या पावतीपर्यंत आपला कायद्याशी रोजचा संबंध येतो. अमरावती व अकोला येथे वकिली करणारी आम्ही मंडळी एकत्र बसलो की चर्चा अनेक निकालांवर होते. परंतु ती बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबते. सार्वजनिक कचेरी कोणाची, आणि ती कोणाला उत्तर देण्यास बांधील आहे? या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आम्ही आपल्याच भागातील एक प्रकरण घेतले आहे.

पातूरचे प्रकरण

अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर वर मराठीत आणि खाली उर्दूत नाव लिहिलेले आहे. परिषदेच्या एका माजी सदस्येने त्यास हरकत घेतली. नगरपरिषदेचा कारभार मराठीतूनच चालला पाहिजे, म्हणून पाटीवरही उर्दू नको, असे त्यांचे म्हणणे होते. २०२० मध्ये नगरपरिषदेने ही मागणी बहुमताने फेटाळली. उर्दूचा वापर १९५६ पासून चालत आला आहे, हे त्यामागील एक कारण होते. मग तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली आणि त्यांनी मराठीच्याच वापराचा आदेश दिला. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी २०२१ मध्ये तो आदेश रद्द केला. तेथून वाद नागपूर खंडपीठात व पुढे दिल्लीस गेला.

दरम्यान स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेविषयी महाराष्ट्राचा २०२२ चा अधिनियम आला. त्याचाही विचार होऊन १० एप्रिल २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने याचिका फेटाळली. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशु धुलिया व न्या. के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने तो निर्णय कायम केला.

निकालाचा गाभा विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. कारभार मराठीत करणे बंधनकारक आहे, हे न्यायालयाने नाकारले नाही. मात्र मराठीच्या जोडीला पाटीवर आणखी एक भाषा वापरण्यास हा कायदा मनाई करीत नाही, असा त्याचा अर्थ लावला. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची असते, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की, नगरपरिषद ही गावकऱ्यांच्या रोजच्या गरजा भागविण्यासाठी असते. गावातील काही लोकांना उर्दू वाचता येत असेल, तर त्यांना कचेरी ओळखता यावी यात गैर काहीच नाही.

आमच्या व्यवसायाचीच भाषा पाहा. वकील, वकालतनामा, फिर्याद, जामीन, तारीख, पेशी हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि वऱ्हाडच्या कास्तकाराच्या तोंडी मराठी होऊन बसले. ते काढून टाकले तर आम्हांला पक्षकाराशी दोन वाक्येही बोलता येणार नाहीत.

धम्माची दृष्टी

बौद्धांना हा विचार नवा नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी भगवंतांना विनंती केली की, बुद्धवचन छंदस् भाषेत बसवावे. भगवंतांनी ती नाकारली आणि लोकांनी ते आपापल्या बोलीत शिकावे अशी अनुज्ञा दिली. उपदेश ज्याच्यासाठी आहे त्याला तो कळला पाहिजे, हे त्यातील तत्त्व होय. कचेरीलाही तेच तत्त्व लागू पडते.

विनयात वाद मिटविण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. त्यांतील पहिला संमुखाविनय. संबंधितांच्या समोर, धम्म आणि विनयाला धरून निर्णय करावयाचा. ज्याच्याविरुद्ध निर्णय द्यावयाचा त्याचे म्हणणे आधी ऐकावे, हाच आजच्या नैसर्गिक न्यायाचाही पाया आहे.

घर पाडण्यापूर्वी

याच पायावर १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल उभा आहे. तो न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने दिला. अमरावतीचे सुपुत्र आणि दादासाहेब रा. सू. गवई यांचे चिरंजीव असलेले न्या. गवई पुढे १४ मे ते २३ नोव्हेंबर २०२५ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. त्या पदावर पोचलेले ते पहिले बौद्ध होत.

एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आहे एवढ्यावरून त्याचे घर पाडता येणार नाही, असे या निकालाने ठरविले. पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस हवी, प्रत्यक्ष सुनावणी हवी आणि आदेशात कारणे हवीत. हे डावलणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागू शकते.

पण येथे आमच्या वस्त्यांनी सावध राहावे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय यांवरील अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिला असेल तेथेही नाही. “आता कोणी हात लावू शकत नाही” असे मोबाईलवर फिरणारे वाक्य वाचून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे.

बाबासाहेबांचा मार्ग

नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीस परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर होते. पुढच्याच महिन्यात महाडच्या चवदार तळ्याबाबत विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. हजारो लोक जमले असतानाही बाबासाहेबांनी त्या हुकमाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला आणि दावा नेटाने लढविला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरील आपला हक्क मान्य केला. त्याला जवळजवळ दहा वर्षे लागली. तळे सार्वजनिक असेल तर ते सर्वांचे, हा त्या लढ्याचा अर्थ. पातूरच्या पाटीचा अर्थही वेगळा नाही.

म्हणून आमचे सांगणे आहे की, एखादा वाद “त्यांचा” आहे म्हणून बाजूला सारू नये. आज एका भाषेला कचेरीच्या दारातून काढले, तर उद्या दुसऱ्या कोणाला काढण्याचा पायंडा पडतो. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते.

सभासदांनी काय करावे?

कोणताही अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. नोटीस आली तर पाकिटासह जपून ठेवावी व मुदतीत उत्तर द्यावे. तोंडी नकार मिळाल्यास लेखी कारण मागावे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ अन्वये दहा रुपये शुल्कात अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस शुल्क माफ आहे. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. मुदत टळल्यास अपील करावे. आणि हाच हिशेब आपल्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही विचारावा. विहाराची दानपेटी ही सार्वजनिकच आहे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. मराठीचा मान राखूनही पाटीवर दुसरी भाषा का चालू शकते?
२. संमुखाविनय आणि १५ दिवसांची नोटीस यांत साम्य कोणते?
३. आपल्या वॉर्डातील कोणत्या कचेरीची पाटी, फलक वा नोटीस सामान्य माणसाला कळत नाही? तिच्याविषयी एक अर्ज लिहून आणा.

तिसऱ्या प्रश्नाचे अर्ज आम्ही वर्गात तपासून देऊ. ते कचेरीत नेऊन देणे मात्र तुमच्याकडे.

जयभीम! नमो बुद्धाय!