भाताच्या पानांवरचे तांबूस ठिपके



गेल्या पावसाळ्यात तुमच्या देणगीतून आम्ही सांगे तालुक्यातील काही गावडा कुटुंबांना भातासाठी बुरशीनाशक घेऊन दिले. ते पैसे वाया गेले. चूक माझी होती. खालच्या जुन्या पानांच्या टोकांकडून पसरणारे तांबूस ठिपके पाहून मला करपा वाटला. फवारणीनंतरही ठिपके थांबले नाहीत, तेव्हा रोप उपटून पाहिले. मुळांवर गंजाचा लेप होता. ही लोहाची बाधा होती.

खाणींतला लोहयुक्त गाळ पावसाबरोबर सखल शेतांत उतरतो. खाण बंद झाली तरी साचलेला गाळ तिथेच राहतो. पाणी तुंबले की मातीतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू या लोहाला पाण्यात विरघळणारे रूप देतात. मग मुळे ते गरजेपेक्षा जास्त शोषतात.

खरे नुकसान पानात होते. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे दुपदरी पातळ आवरण असते, त्याला पेशीपटल म्हणतात. पानातल्या या स्निग्धांत लिनोलेनिक आम्ल भरपूर असते. जवसाच्या तेलातही तेच असते, म्हणून ते लवकर खवट होते. आपले खोबरेल मात्र टिकते. जादा लोह पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडला भिडले की अतिशय जहाल कण तयार होतात. ते स्निग्धाच्या एका रेणूला बिघडवतात, तो शेजारच्याला, आणि ही साखळी पुढे चालते. ई जीवनसत्त्व ती तोडू शकते, पण लोह फार झाले की त्याचेही चालत नाही. सोप्या भाषेत, पान जिवंतपणीच खवट होते. पटल गळू लागते, पोटॅशियम बाहेर झिरपते, पेशी मरते. तोच तांबूस ठिपका.

बुरशीनाशक इथे काय करणार?

उपाय मातीत आहे. मधूनमधून पाणी काढायला चर हवेत, आम्लता कमी करायला चुना हवा, आणि पालाश हवे, कारण ते कमी पडले की मुळांची लोह अडवण्याची ताकद घटते. न कुजलेला पाला मात्र तुंबलेल्या शेतात घालू नये, त्याने लोह आणखी विरघळते. (हाही सल्ला मीच दिला होता.)

सरदाच्या पेरणीआधी सात शेतांत चर खणायचे आहेत. या वेळी मदत हवी आहे ती चुना, पालाश आणि खणणाऱ्यांच्या मजुरीसाठी.