कासदाहात वेदनाशामक व प्रतिजैविक औषधांचा उपयोग

दुभत्या गाईम्हशींना होणारा कासदाह, म्हणजेच दगडी, हा रोग बहुधा सडाच्या छिद्रातून आत शिरलेल्या जंतूंमुळे होतो. कास सुजते, गरम व कठीण लागते, दुधात गाठी दिसतात आणि वेदनेमुळे जनावर सडास हात लावू देत नाही.

प्रतिजैविक औषध जंतूंचा नाश करते; वेदनाशामक औषध ठणका व सूज कमी करते. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. केवळ वेदनाशामक दिल्यास जनावर शांत होते, परंतु रोग आतल्या आत वाढून सड कायमचे निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून पशुवैद्यकास विनाविलंब बोलवावे. त्यांनी सांगितलेले सर्व दिवस प्रतिजैविक द्यावे. सूज उतरताच ते बंद करू नये.

वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक वापरू नये. ते दिल्यावर थोड्याच दिवसांत मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडे मरतात. म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली. किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅक यांवर २०२३ साली बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांस निर्धोक आहे.

उपचार चालू असताना, तसेच शेवटच्या मात्रेनंतर वेष्टनावरील मुदत संपेपर्यंत, दूध विकू अथवा पिऊ नये. वासरासही पाजू नये. मुदत लिहिलेली नसल्यास निदान ७ दिवस पाळावेत. दूध टाकून देणे जिवावर येते खरे. परंतु त्यातील औषधाचा अंश पिणाऱ्याच्या पोटात जातो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट दूध उत्पादकांना आवर्जून समजावून द्यावी.