पकड असलेल्या चाकाची काळजी

पावसाळ्यात मुळशी-लोणावळ्याच्या आडवाटांवर फोर बाय फोर घेऊन जाणाऱ्यांत पुढच्या ॲक्सलचा विषय निघाला, की बोलणं लवकरच सुट्या भागांच्या किमतींवर येतं. मला मात्र ॲक्सल मोडण्याच्या आधीचे काही क्षण जास्त महत्त्वाचे वाटतात. तेव्हा स्टीअरिंग कुठे वळलेलं होतं, कुठलं चाक कशावर टेकलं होतं, रेस किती होती? पुढे लॉकर असलेली गाडी चालवताना आणि इतरांना दगड चढताना पाहताना जे उमगत गेलं, ते इथे मांडतो आहे. तुमची गाडी आणि वाटा वेगळ्या, त्यामुळे तुमचे अनुभवही थोडे वेगळे निघतील.

1. लॉकर गाडीला जास्तीची ताकद देत नाही, आहे त्या ताकदीची वाटणी बदलतो. साध्या डिफरन्शिअलमध्ये दोन्ही चाकांना जोर सारखाच मिळतो. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही. गाडी अडकते, आपण वैतागतो. पण शाफ्टचं संरक्षणही त्या अडकण्यातच असतं, हे कळलं तेव्हा मला खरंच नवल वाटलं. लॉकर लावला की दोन्ही शाफ्ट एकत्र फिरतात आणि पुढच्या ॲक्सलचा सगळा भार एकट्या शाफ्टवर येऊ शकतो.

2. मोडतो तो बहुधा पकड असलेल्या चाकाचा शाफ्ट. बघणाऱ्यांचे डोळे मात्र हवेत गरगरणाऱ्या चाकावर खिळलेले असतात, कारण गोंधळ तिथे दिसतो. खरं काम दुसरीकडे, दगडावर गच्च बसलेलं आणि जेमतेम हलणारं चाक करत असतं. म्हणून बाहेर उभं राहून वाट दाखवणाऱ्या सोबत्याला मी एवढंच सांगतो, की पकड कुठल्या चाकाला आहे ते आधी सांग.

3. स्टीअरिंग सरळ करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मागचा शाफ्ट सरळ असतो. पुढच्याला जोर द्यायचा आणि वळायचंही, म्हणून त्याच्या टोकाशी क्रॉस किंवा सीव्ही जॉइंट असतो. साधा क्रॉस 35 अंशांत वाकला, की इंजिनाकडचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी चाकाकडचा टोकदांडा प्रत्येक फेरीत दोनदा मंदावतो आणि दोनदा वेग घेतो. हा चढउतार दोन्ही दिशांना वीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यातच लॉकरनं दोन्ही बाजू जखडलेल्या असल्या, की चाकं एकमेकांशी झगडू लागतात. सीव्ही जॉइंटमध्ये वेग एकसारखा राहतो, पण पूर्ण वळलेल्या स्थितीत त्याच्यातल्या गोळ्या आणि त्यांचा पिंजरा यांवरही ताण सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे चाक अडलं की आधी स्टीअरिंग शक्य तितकं सरळ आणि मगच रेस, हा माझा पक्का नेम झाला आहे.

4. टायर घसरतो ते चांगलंच आहे. इंजिनाचा टॉर्क 250 न्यूटन-मीटर धरा. पहिल्या गिअरनं तो चारपट, लो रेंजनं अडीचपट आणि क्राऊन-पिनियननं पुन्हा चारपट झाला, तर हिशोब 10,000 न्यूटन-मीटरवर जातो. एवढा जोर शाफ्टपर्यंत सहसा पोचत नाही, कारण त्याआधीच टायर घसरतो. घसरणारं रबर शाफ्टवरच्या भाराला मर्यादा घालतं. सह्याद्रीतल्या काळ्या कातळाच्या भेगेत चाक पाचरीसारखं अडकलं, तर मात्र घसरायला जागाच उरत नाही. अशा वेळी जोर वाढवत न बसता थोडं मागे येऊन दुसरी वाट धरावी. मोठ्या टायरनं हाच प्रश्न वाढतो. 28 इंचांच्या जागी 33 इंची चाक बसवलं, की तेवढ्याच पकडीला शाफ्टवरचा पीळ जवळजवळ अठरा टक्क्यांनी वाढतो.

5. पोलाद धक्क्याला घाबरतं. सावकाश वाढणारा भार शाफ्ट बराच सोसतो. आपल्याकडच्या ओल्या, शेवाळलेल्या दगडावर चाक भरभर फिरतं आणि अचानक कोरड्या कडेला जाऊन धरतं. त्या क्षणी फिरत्या भागांत साठलेला सगळा वेग एका जॉइंटवर येऊन आदळतो. गाडी उड्या मारू लागली, की प्रत्येक उडीला हेच घडतं. उडी सुरू होताच पाय उचलायचा, ही सवय मनाविरुद्ध लावून घ्यावी लागते. टायरमधली हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवली तर रबर दगडाला बिलगतं, उड्या कमी होतात आणि मुळात रेसच कमी लागते. परतताना डांबरी रस्ता लागण्याआधी हवा भरायला मात्र विसरायचं नाही.

6. चढावर रिव्हर्स घेताना सगळ्यात जास्त सावध राहायचं. पुढे तोंड करून चढताना वजन मागच्या ॲक्सलकडे सरकतं. मागे घेत चढताना पुढचा ॲक्सल उताराच्या बाजूला येतो, त्याच्यावर वजन वाढतं, पकडही वाढते. त्यातच लॉकर लावलेला, स्टीअरिंग पूर्ण वळलेलं आणि वर रेस, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या.

7. मजबूत भाग बसवला, की कमकुवत जागा पुढे सरकते. क्रोमोलीचा शाफ्ट खरोखर दणकट असतो. पण मग जोर हबवर किंवा क्राऊन-पिनियनवर जातो, आणि रानात शाफ्ट बदलता येतो, क्राऊन-पिनियन नाही. म्हणून मजबुती कुठे थांबवायची हे ठरवून, जिथे मोडलेलं परवडेल तो भाग बरोबर सुटा ठेवावा.

8. ॲक्सल मोडण्याआधी पुष्कळदा खुणा देतो. शाफ्टवर लांबीच्या दिशेनं रंगाची सरळ रेघ ओढून ठेवली आणि पुढे ती तिरकी दिसली, तर शाफ्ट पिळला आहे. स्प्लाइनचे दात तिरके झालेत का, क्रॉसच्या वाट्या आपल्या जागेवरून सरकल्यात का, ग्रीसमध्ये लोखंडाची चमक आहे का, हे हातानं तपासावं. ओढा ओलांडून आल्यावर डिफरन्शिअलचं तेल दुधाळ दिसलं, तर आत पाणी गेलं आहे. गॅरेजमधल्या जाणत्या मेस्त्रींकडून मी ही नजर शिकत आलो, आणि ती मला कुठल्याही महागड्या भागापेक्षा मोलाची वाटते.

9. लॉकर कधी काढायचा, हे तो लावण्याइतकंच महत्त्वाचं आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढचा आणि मागचा लॉकर कंपनीतूनच येतो आणि दोन्हींचे लीव्हर वेगळे असतात. त्या वेगळेपणातला क्रम मला पटतो: आधी मागचा, तेवढ्यानं भागलं नाही तरच पुढचा, आणि अडचण ओलांडताच, वळण घेण्याआधी, पुढचा मोकळा. तरीही गाडी हलेना तर विंच. गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये कसलेले चालकही दोर बांधतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. विंचनं ओढताना भार दोरावर येतो, शाफ्टवर नाही. दोर बांधायला वेळ जातो हे खरं, पण तेवढ्या वेळाच्या मोबदल्यात गाडी स्वतःच्या चाकांवर घरी येते.