टीव्ही गेमची कॅसेट आणि आपला वर्ग



तुम्ही तिशी-चाळिशीत असाल, तर 'टीव्ही गेम' हा शब्द वाचल्याबरोबर काही गोष्टी डोळ्यांसमोर येतीलच. जाडजूड कॅसेट, वायरवाले दोन रिमोट, बदकं मारायची बंदूक, '९९९९ इन १' असं लिहिलेलं लेबल (आणि त्यात पुन्हा पुन्हा येणारे तेच दहा-पंधरा गेम!). उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्याच्या घरी गेम, त्याच्या दारात चपलांचा ढीग. आणि स्वयंपाकघरातून आवाज, "टीव्ही खराब होईल रे, बंद करा आता!"

आज आपणच त्या आवाजाच्या जागी उभे आहोत. पालकसभेत दर वेळी एक तरी आई म्हणते, "मॅडम, तो मोबाईल सोडतच नाही. तुमचंच ऐकतो, तुम्हीच सांगा." मुलाला काय सांगायचं, याआधी एक प्रश्न आपण स्वतःला विचारू या. त्या गेममधून आपण नेमकं काय शिकलो? आणि त्यातलं काही आजच्या वर्गात, स्क्रीनशिवाय, वापरता येईल का? मला वाटतं, बरंच काही येईल. चार उदाहरणं देते.

१. मारिओ : पाठ टाचण कसं असावं?

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम १९८५ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने काढला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे मुख्य रचनाकार. आपल्यापैकी कोणी त्याची माहितीपुस्तिका वाचली होती का? बहुतेकांनी ती पाहिलीही नसेल. तरी पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना खेळता यायचं. हे कसं जमलं?

पहिली पातळी आठवून बघा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे उजवीकडे जायचं, हे न सांगता कळतं. थोडं पुढे गेलं की एक शत्रू सावकाश चालत येतो. उडी मारली नाही तर लगेच आउट, पण सुरुवातच असल्यामुळे नुकसान काही नाही. प्रश्नचिन्हाच्या विटेला डोकं लागलं की मशरूम बाहेर पडतं, ते पाइपला आपटून उलटं आपल्याकडेच येतं. त्यामुळे 'हे घ्यायचं असतं' हेही आपोआप समजतं.

सगळ्यात मोलाची गोष्ट शेवटी आहे. पायऱ्यांच्या दोन ढिगांमधून उडी मारायची असते, पण पहिल्या जोडीत खाली जमीन आहे. चुकलात तर पुन्हा चढा. लगेच पुढच्या जोडीत तशीच उडी, पण खाली खड्डा!

डीएडला आपण 'सोप्याकडून कठीणाकडे' हे सूत्र पाठ केलं होतं. ते इथे डोळ्यांनी दिसतं. हातच्याची वजाबाकी शिकवताना आपण मुलांना 'खाली जमीन असलेली उडी' किती वेळा देतो? चुकलं तरी लाल शेरा नाही, गुण नाहीत, फक्त पुन्हा करायचं, असा सराव आधी आणि चाचणी नंतर. पुढच्या टाचणात एक वेगळी ओळ ठेवून बघा : 'न तपासायचा सराव, १० मिनिटे'.

२. टेट्रिस : क्षेत्रफळ आणि परिमिती

सेलवर चालणारा तो हातातला ब्रिक गेम आठवतो ना? त्यातला मूळ खेळ म्हणजे टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी तो तयार केला. त्यांच्या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून विटा त्यांनी कंसाच्या चिन्हांपासून बनवल्या होत्या. 'टेट्रा' म्हणजे ग्रीक भाषेत चार. प्रत्येक वीट चार चौकोनांची.

चौथी-पाचवीच्या वर्गासाठी कृती अशी. चौकटीच्या वहीचा कागद द्या आणि सांगा, "चार चौकटी एकमेकींना पूर्ण बाजूने चिकटवून किती वेगवेगळे आकार होतात ते शोधा." आकार फिरवलेला आणि पालथा केलेला चालत असेल तर पाचच आकार सापडतात. गेममध्ये मात्र सात असतात, कारण तिथे वीट फिरवता येते, पालथी करता येत नाही. हा फरक मुलांना स्वतः शोधू द्या.

आता प्रत्येकाचं क्षेत्रफळ मोजायला लावा. सगळ्यांचं ४ चौरस एकक. मग परिमिती. चौरसाची ८ येते, बाकी चारही आकारांची १०! "मॅडम, जागा तेवढीच, मग कुंपण कमी कसं?" असं एखादं मूल विचारेल, आणि तिथेच पाठ सफल झाला असं समजा. कारण सोपं आहे. चार सुट्या चौकोनांच्या बाजू १६. जिथे दोन चौकोन चिकटतात तिथे २ बाजू लपतात. चौरसात असे चार जोड, बाकी आकारांत तीन. १६ मधून ८ किंवा ६ वजा करा, झालं.

हुशार मुलांसाठी एक कोडं. पाच आकारांच्या मिळून २० चौकटी होतात. मग त्यांनी ४ × ५ चा आयत भरेल का? मुलांना दोन दिवस झटू द्या. आयत भरत नाहीच! नंतर आयत बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा रंगवायला सांगा. त्यात १० काळ्या, १० पांढऱ्या चौकटी येतात. चार आकार प्रत्येकी २ काळ्या, २ पांढऱ्या झाकतात. इंग्रजी टी सारखा आकार मात्र एका रंगाच्या ३ आणि दुसऱ्याच्या १ झाकतो. त्यामुळे बेरीज ११ आणि ९ अशीच येणार. 'जमत नाही' आणि 'जमणं शक्यच नाही' यांतला फरक मुलांना पहिल्यांदा इथे कळतो.

३. कॅसेटवरची फुंकर : वैज्ञानिक दृष्टिकोन

गेम चालू झाला नाही की आपण सगळे एकच करायचो. कॅसेट काढायची, जोरात फुंकर मारायची, परत लावायची. आणि गेम चालू व्हायचा! मुंबई असो, मराठवाडा असो, अगदी अमेरिका असो, मुलं फुंकरच मारत होती.

खरं कारण वेगळं होतं. कॅसेट काढून पुन्हा लावली की तिच्या पट्ट्या आणि मशिनमधल्या पिना नव्याने नीट जुळायच्या. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पट्ट्या खराब होण्याचीच भीती.

मुलांना ही गोष्ट सांगा आणि विचारा, "आपण एका वेळी दोन गोष्टी केल्या, फुंकर आणि परत लावणं. उपयोग कशाचा झाला, हे कसं ओळखाल?" एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हे प्रयोगाचं मूळ तत्त्व मुलंच सांगतील. त्यानंतर घरातल्या, गावातल्या समजुतींवर चर्चा आपोआप सुरू होते. कोणाला नावं न ठेवता.

४. कॉन्ट्रा : सूचनालेखन आणि सोबत

कॉन्ट्राच्या तिसऱ्या पातळीत धबधबा होता. एक खेळाडू घाईने वर गेला की स्क्रीन वर सरकायची आणि मागे राहिलेला जोडीदार मरायचा. किती भांडणं झाली असतील त्यावरून! गटकार्य देताना मी ही गोष्ट सांगते. वर्गातही एखादं मूल पटापट वर जातं आणि त्याच्यासोबत स्क्रीनही सरकते. खाली कोण राहिलं, हे बघणं जोडीदाराचं काम आणि आपलंही.

तीस लाइफचा तो कोड आठवतो? वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. इंटरनेट नसताना तो वहीच्या शेवटच्या पानावरून गावोगाव पोहोचला. एक पायरी चुकली की फुकट. सूचनालेखनासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण कोणतं?

भाषेच्या तासाला सांगा, "तुमचा आवडता खेळ, ज्याने कधीच खेळला नाही त्याला खेळता येईल असा लिहा." विटीदांडू चालेल, मोबाईलवरचाही चालेल. निबंधाच्या चार ओळींवर अडणारा माझ्या वर्गातला एक मुलगा या विषयावर दीड पान लिहून गेला. जे येतं त्याबद्दल लिहायला मिळालं, इतकंच.

मग मोबाईलचं काय?

आपले गेम पवित्र होते असं मुळीच नाही. गोळीबार होता, डोळे दुखायचे, अभ्यास बुडायचा. पण काही फरक मात्र खरे आहेत. आपला गेम संपायचा. वीज गेली की तर संपायचाच. तो रात्री 'परत ये' असा निरोप पाठवत नव्हता. आतमध्ये पैसे मागत नव्हता, जाहिरात दाखवत नव्हता. आणि शेजारी आपल्या पाळीची वाट बघणारा मित्र बसलेला असायचा.

म्हणून पालकहो, 'गेम वाईट' असं सरसकट म्हणण्यापेक्षा मुलाच्या गेमला हे प्रश्न लावून बघा :

• हा गेम कुठेतरी थांबतो का, की रोज न आल्यास बक्षीस बुडतं?
• पैसे किंवा जाहिरात बघितल्याशिवाय पुढे जाता येतं का?
• हरल्यावर सरावाने जिंकता येतं, की विकत घेऊनच?
• सोबत कोण खेळतं? आपण त्याला ओळखतो का?

उत्तरं मिळवण्याचा सोपा मार्ग एकच. येत्या रविवारी मुलाशेजारी बसा आणि म्हणा, "मला शिकव." तुम्ही दहा वेळा आउट व्हाल. त्याला हसू द्या. अर्ध्या तासाने "आता बंद करू या" असं तुम्ही म्हणाल, तेव्हा ते स्वयंपाकघरातून आलेलं नसेल, शेजारी बसलेल्या खेळाडूचं असेल. मूल ते जास्त ऐकतं.